आईचा प्रश्न
परवा नव्या डिक्शनरीच्या पातळ कागदाचा वास आला आणि नव्वदच्या दशकातलं जुईनगरचं आमचं घर आठवलं. माझी धाकटी बहीण तापाने गेली त्या वर्षी अमेरिकेत जाऊन मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेलेल्या मामाने आईला त्यांचा तसल्याच पातळ कागदाचा इंग्रजी धर्मग्रंथ आणून दिला. त्या लोकांच्या मते कुटुंब मेल्यावरही एकत्र राहतं. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून देव न मानणारे बाबा रोज संध्याकाळी गॅलरीत बसून तिला तो मराठीत सांगायचे आणि पेन्सिलने चुकांवर खुणा करायचे. "दोन हजार वर्षांपूर्वी अमेरिकेत घोडे नव्हतेच, आणि यात लिहिलेत," ते एकदा म्हणाले. "घोड्यांचं राहू द्या हो. ती भेटेल का, तेवढं सांगा," आई म्हणाली. ग्रंथाच्या शेवटी लिहिलं होतं की, मनापासून विचारलं तर देव उत्तर देतो. आई महिनाभर रोज पहाटे विचारत राहिली. मग बाबांनीच हळूच विचारलं, "आलं का काही?" "काहीच नाही," आई म्हणाली. मला वाटलं, बाबा आता म्हणतील, मी सांगतच होतो. पण ते म्हणाले, "आपण परत पहिल्यापासून वाचू." आई कुकर लावायला उठली. त्यानंतर तिने देवापुढे दिवाही लावला नाही. आता ते दोघंही नाहीत. तिघं कुठेतरी भेटले असतील, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.