ग्रहण न सोडणारं मुसळ

माझ्या मामाला आकाशाकडे बघायची नोकरी हवी होती. असं काही काम असतं आणि वर त्याचा पगारही मिळतो, हे आमच्या घरात कुणाला पटत नव्हतं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की आकाश त्यांच्या कचेरीच्या खिडकीतूनही दिसतं आणि ते बघितल्याबद्दल आजवर फक्त बोलणी बसली आहेत.

आम्ही तंजावरहून मद्रासला आलेली मराठी माणसं. तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत भाड्यानं राहायचो, आईला अम्मा म्हणायचो, निम्मं बोलणं तमिळमध्ये उरकायचो आणि तरी अस्सल मराठी म्हणून मिरवायचो. मामा अम्माचा धाकटा भाऊ. बी.एस्सी. जेमतेम पास, एका विमा कंपनीत कारकून, आणि राहायला आमच्याकडेच. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मामासारखा माणूस अख्ख्या मद्रासेत नाही, असं माझं ठाम मत होतं. ते अजूनही बदललेलं नाही.

डोंगरावरच्या एका वेधशाळेत मदतनिसाची जागा निघाली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी मामाला सांगितलं की पुढच्या महिन्यात सूर्यग्रहण आहे. सिलोनमध्ये खग्रास, मद्रासेत खंडग्रास. चंद्राची कड सूर्याला कधी लागली आणि कधी सुटली, या दोन वेळा सेकंदापर्यंत टिपून पाठवा, मग बघू. गणितानं काढलेली वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेली वेळ यांत फरक पडला, की चंद्र नेमका कुठे आहे ते कळतं म्हणे. मामाला एवढी एकच संधी होती. ती हुकली तर जन्मभर विमा, आणि अम्मानं तंजावरला हेरून ठेवलेली मुलगी.

मामानं कापडाच्या दुकानातून ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची नळी आणली आणि तिला अप्पांच्या जुन्या चष्म्याचं भिंग लावलं. अप्पांचा चष्मा जुना झाला आहे, हे अप्पांना त्या दिवशी कळलं. नळीतून सूर्याकडे बघायचं नाही, नळीतून आलेला सूर्य पांढऱ्या कागदावर पाडायचा, हे त्यानं मला इतक्या वेळा बजावलं की मी कंदिलाकडेही पाठ करून बसायला लागले. माझं काम सेकंद मोजण्याचं. मामाची नजर कागदावरून हलता कामा नये, म्हणून मी घड्याळाकडे बघून मोठ्यानं आकडे म्हणायचे. पंधरा दिवस मी जेवताना, वेणी घालताना, अंघोळ करताना मोजत होते. मोजायचे तमिळमध्ये, कारण मराठीत पन्नाशीच्या पुढे माझी दातखीळ बसायची. घड्याळ टॉवेलात गुंडाळून, रेडिओ असलेल्या शेजाऱ्यांकडे नेऊन लावून आणलं होतं. येताना मामा असा चालत होता की लोकांना वाटलं, घरात बाळ आलं.

अम्माची तयारी वेगळी होती. लोणच्यापासून दह्यापर्यंत सगळ्यावर दर्भ पडले. ग्रहण सुटून अंघोळी होईपर्यंत चूल नाही, काप्पी, म्हणजे कॉफीसुद्धा नाही. आणि आमच्याकडचं मुख्य यंत्र म्हणजे उलक्कै, तांदूळ कांडायचं मुसळ. ग्रहण लागलं की पितळी ताटात हळदीचं पाणी घालून त्यात ते उभं करायचं. ग्रहण आहे तोवर ते बिनआधाराचं उभं राहतं आणि सुटलं की आपोआप पडतं, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं.

सकाळी ग्रहण लागलं तेव्हा आकाश लख्ख होतं. मोट्टमाडीवर, म्हणजे गच्चीवर, मी घसा फोडून मोजत होते आणि कागदावरच्या सूर्याला कडेला बारीकसा चावा बसल्याबरोबर मामानं आकडा टिपला. तो आनंदानं नाचला आणि नळीला धक्का लागून सूर्य शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेला. मग समुद्राकडून ढग आले. आधी थोडे, मग सगळे. ग्रहण सुटायची वेळ जवळ आली तरी कागद कोरा. मामा तोंड वर करून बघत राहिला. मी मात्र मोजतच होते, कारण थांब असं कुणी सांगितलं नव्हतं.

पंचांगातली वेळ टळून गेली तेव्हा मामा जिन्यावरून धावत खाली आला आणि थेट मुसळासमोर मांडी घालून बसला. शिकलेला माणूस, पण बुडत होता बिचारा. मुसळ ताठ उभं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. अम्मा म्हणाली, पंचांग चुकलं असेल, उलक्कै चुकत नाही, ग्रहण अजून आहे. म्हणजे अंघोळ नाही, स्वयंपाक नाही. अप्पांची कचेरी भरायची वेळ झाली होती आणि ते धोतराचा सोगा हातात घेऊन मुसळाला प्रदक्षिणा घालत होते. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. अर्धा तास झाल्यावर मला राहवलं नाही. सगळे पंचांगात डोकं घालून बसलेले असताना मी पायाचा अंगठा लांब केला.

मुसळ धाडकन पडलं. अम्मानं हात जोडले, अप्पा विहिरीकडे पळाले, आणि मामानं सवयीनं वेळ टिपली, सेकंदासकट.

संध्याकाळी पत्र लिहायची वेळ आली. अप्पांचा सल्ला सरळ होता: पंचांगातली वेळ चार सेकंद इकडेतिकडे करून लिही, ढगात कोण बघायला गेलंय? अम्माचा आग्रह मुसळाच्या वेळेसाठी. मामा बराच वेळ पेन चावत बसला. मग त्यानं लिहिलं, ढग होते, सुटताना दिसलं नाही. आणि जे जे पाहिलं ते सगळं लिहा असा साहेबांचा हुकूम होता, म्हणून खाली मुसळाचीही हकिगत लिहिली. अप्पा म्हणाले, आता मुलीकडच्यांना कळवायला हरकत नाही.

महिन्याभरानं साहेबांचं उत्तर आलं. त्यात होकार नव्हता, नकारही नव्हता, फक्त दोन प्रश्न होते. ग्रहण नसताना मुसळ उभं राहतं का? आणि ते आपोआप पडलं, की कुणी पाडलं?

पहिला प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, मामाच्यासुद्धा. अम्मानं रागारागानं ताट आणलं, हळदीचं पाणी ओतलं आणि उलक्कै उभं केलं. साध्या गुरुवारी, भर दुपारी, ते छान उभं राहिलं. अम्मा कितीतरी वेळ त्याच्याकडे घरभेद्याकडे बघावं तसं बघत होती.

मग मामा माझ्याकडे वळला. "तू तिथंच होतीस. कुणी पाडलं का गं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला रडू आलं. मी म्हणाले, "मी. अंगठ्यानं. भूक लागली होती."

मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. अम्मा म्हणाली, "पाडलंस तें बरंच केलंस. नाहीं तर आजून ग्रहणांतच बसून असतों की."

मामानं दोन्ही उत्तरं जशीच्या तशी कळवली, भाचीच्या अंगठ्यासह. पुढे समजलं, मद्रासेतून आणखी काही उमेदवारांनी ग्रहण सुटल्याच्या वेळा पाठवल्या होत्या. भरल्या ढगांतून, अगदी सेकंदापर्यंत. नोकरी मामाला लागली.

तो गाडीत बसला तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं, पोरीनं खरं सांगितलं म्हणून. पण त्यानंतर कित्येक महिने, कचेऱ्या सुटायच्या वेळेला, मी दारात उभी राहून स्वतःवर चिडत असे. आपोआप पडलं, एवढंच म्हणाले असते, तर मामा आत्ता घरी आला असता.