रंगातली वाळू

परदेशातल्या त्या चित्रसंग्रहालयात सगळे गव्हाच्या पिवळ्याधमक शेतासमोर अदबीने लांब उभे होते. माझी बायको मात्र चित्राला नाक टेकेल इतकी पुढे गेली.

"अहो, इकडे या! रंगात वाळू आहे!"

खरंच होती. हा चित्रकार भर वाऱ्यात, शेताच्या बांधावर उभा राहून रंगवायचा. ओल्या, जाड रंगावर वाळू उडून बसली, तर बसू दे म्हणाला असेल. गावाने त्याला वेड्यात काढलं होतंच.

पहारेकरी धावत आला. मागे व्हा, अशी त्याने खूण केली. आम्ही मागे झालो, पण मला हसूच फुटलं. ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, त्याच्या वाळूच्या कणांवरही आज पहारा होता!