सगळे स्टॉल आहेत, खुर्ची नाही

मंडळी, आत्ताच घरी पोचले. पाय गरम पाण्यात आहेत, हात मोकळे आहेत, म्हणून लिहून राहिले.

आज जबलपूरच्या व्यापार मेळ्यात माझं काम एकच. गेटजवळच्या टेबलापाशी उभं राहून लोकांना मोबाइल गाइड डाउनलोड करायला लावायचं. "स्कॅन कर लीजिए भैया, सब स्टॉल दिख जाएँगे."

दुपारी एक काका आले. मी फोनवर आईशी बोलत होते, ते मराठी ऐकून म्हणाले, "बेटा, बसायची जागा दाखव ना यात. अख्खा मेळा पालथा घातला."

शोधलं. सगळे स्टॉल होते, बसायला जागा नव्हती. मग टेबलामागची माझी नावापुरती खुर्ची त्यांना दिली, तशीही मला बसायची मुभा नव्हती.

काका टेबलामागं बसले, तर लोक त्यांनाच विचारायला लागले. पाणी कुठं, बाथरूम कुठं. काका फटाफट सांगून राहिले. सगळं फिरून झालं होतं ना! माझ्याकडे कोणी बघेना.

उठताना म्हणाले, "चलो, आता तू बस थोडी."

दिवसभरात हे मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं. टेकलेच होते, तेवढ्यात सुपरवायझर आले. "दीदी, बैठ काहे गईं? डाउनलोड रुक गए हैं."

खरं सांगा, मेळ्यात तुम्ही आधी काय शोधता, स्टॉल की खुर्ची?