कोरड्या ब्रेकवर उतरलेला घाट

असे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी बुलढाण्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताखेतांचा विषय काढला, की त्याला फळ्यापाशी बोलावून 'सिद्ध करून दाखव' म्हणणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय. कितीदा तरी लिहिलं आणि पुसलं... पण मनात ठेवून स्वस्थही बसवत नाही.

आमच्या बाबांची जुनी फियाट आहे. क्रीम कलरची, स्टेअरिंगपाशी गिअर असलेली, पुढची सीट सलग. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि त्या गाडीवर त्यांचा फार जीव. ते गेल्यावर गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायला निमित्त झालं हनीफकाकांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं.

हनीफकाका म्हणजे बाबांचे जिवलग मित्र. रोहिणखेडला त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या मोठ्या मुलीची रुखसती आमच्या फियाटमधून झाली होती, बाबांनीच गाडी चालवली होती. तेव्हा लहानगी शबाना रुसून बसली, तर बाबांनी तिला शब्द दिला की तुझीपण पाठवणी ह्याच गाडीतून. शबानाचं लग्न ठरलं आणि तिने माझ्या भावाला, प्रशांतला, फोन करून त्या शब्दाची हसत हसत आठवण करून दिली. बाबा नव्हते, पण शब्द तर होता.

प्रशांतने हौसेने सगळं करून घेतलं. इंजिन, बॅटरी, टायर. ब्रेकच्या लोखंडी पाइपलाइनी गंजल्या होत्या, त्या एका गॅरेजमधून नव्या टाकून आणल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने गावात एक चक्कर मारली, ब्रेक ऑइलची टाकी भरलेली पाहिली आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्याला ड्यूटी होती, तो संध्याकाळी मागून येणार होता. गाडी मी न्यायची, सोबत आई.

सकाळी निघालो तेव्हापासून मला चैन नव्हतं. कारण सांगता येत नाही. हवा छान होती, आई नवीन साडीत खूश होती, तरी मी सारखी आरसा नीट करत होते, सीट पुढे-मागे करत होते. आईने विचारलंही, की काऊन एवढी चुळबूळ करून राह्यली? मी म्हटलं, खूप दिवसांनी चालवतेय ना.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे जाताना राजूर घाट लागतो. इकडच्या लोकांना माहीत आहे — उतार, वळणं, एका बाजूला दरी, आणि खालून दम लागल्यासारखे चढत येणारे ट्रक. घाटाच्या तोंडाशी मी गिअर खाली घेतला आणि ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण पायाला काहीतरी वेगळंच जाणवलं. पॅडल माझ्या तळव्याखाली आधी दोनदा हलकेच हललं आणि मग घट्ट झालं. मी पाय उचलला, पुढच्या वळणावर पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच. टुक-टुक, आणि मग एकसारखा दाब.

ही पद्धत बाबांची. वळणाआधी दोनदा हलकेच दाबायचं, मग ब्रेक धरायचा. आई त्यावरून त्यांची चेष्टा करायची, की दार वाजवून आत जाता का म्हणून. माझी ती सवय नाही, कधीच नव्हती. मी मनात म्हटलं, नवीन लाइन आहे, हवा राहिली असेल आत. फिजिक्सवाली ना मी! कारण लगेच सापडतं.

अर्ध्या घाटात एका वळणानंतर शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. चांगला मोठा कळप होता. मी ब्रेक लावला आणि गाडी थांबली. पूर्ण थांबली, बरं का... भर उतारावर. हँडब्रेकची केबल कित्येक वर्षं सैल होती, बाबा उतारावर चाकाखाली दगड लावायचे. म्हणजे गाडी फक्त पायाच्या ब्रेकवर उभी होती. शेळ्या रमतगमत गेल्या, शेळ्या हाकणारी बाई आमच्याकडे बघत राहिली, एक पिल्लू बंपर हुंगून गेलं. गाडी तसूभरही सरकली नाही. आई तेवढा वेळ काही बोलली नाही. एरवी शेळीचं पिल्लू दिसलं की ती कौतुक केल्याशिवाय राहत नाही.

घाट उतरलो, रोहिणखेडच्या रस्त्याला लागलो आणि सुखरूप पोचलो. हनीफकाकांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुपारी निकाह झाला, जेवणं झाली. रुखसतीच्या आधी गाडी सजवायची म्हणून शबानाच्या चुलतभावाने, इरफानने, ती मंडपाकडे वळवून घ्यायला किल्ली नेली. मी ओट्यावरूनच बघत होते. गाडी सावकाश पुढे आली, आणि थांबली नाही. इरफान आतून ओरडत होता. लोक बाजूला झाले, गाडी मंडपाच्या खांबाला धडकली आणि वाळूच्या ढिगात घुसून बंद पडली. कुणाला लागलं नाही. इरफान उतरला तेव्हा घामाने भिजला होता. म्हणाला, ताई, ब्रेकच नाहीत. पाय डायरेक्ट फरशीला टेकतो.

गावातले मेकॅनिक शब्बीरभाई लग्नातच होते. नवे कपडे सांभाळत त्यांनी बॉनेट उघडलं, मग खाली वाकून पाहिलं, जॅक लावून एक चाक काढलं. नवीन पाइपचा नट वाकडाच चढवून आवळला होता, आटे गेले होते आणि जोड उघडा पडला होता. या गाडीला चारही चाकांची मिळून एकच लाइन, एका जागी सुटलं की सगळंच गेलं. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी. त्यांनी जोडावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला नुसती धूळ. ओल नाही.

"ताई, टोचन करून आणली ना गाडी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की ओढून नाही, चालवत आणली. घाट उतरून.

त्यांना वाटलं, लग्नघरात आपली गंमत चाललीय. मग शेळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला. "हे आत्ता गळलेलं नाही. रस्त्यात गळलं असतं तर सगळी चासी ओली दिसली असती," एवढंच म्हणाले आणि हात पुसून हनीफकाकांशी काहीतरी हळू बोलायला गेले.

मी प्रशांतला फोन लावला. तो निघायच्या तयारीतच होता. म्हटलं, पोर्चमध्ये जाऊन बघ. थोड्या वेळाने त्याने फोटो पाठवला. गाडी रात्रभर उभी होती तिथे, फरशीवर तेलकट थारोळं. म्हणजे ऑइल घरीच गळून गेलं होतं. आम्ही निघालो तेव्हाच गाडीत ब्रेक नव्हते!

दाब पोचवायला द्रव लागतो. हा धडा मी दरवर्षी शिकवते. द्रवच नसेल तर पॅडल म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा.

शबाना दुसऱ्या गाडीतून सासरी गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, चाचा असते तर त्यांनीपण मला ह्या गाडीत बसू दिलं नसतं. मला रडूही आलं नाही. प्रशांतचं अजून म्हणणं आहे की मी गिअरवर घाट उतरले. त्याला मी विचारलं, उतारावर गाडी उभी कशी राहिली रे? तो म्हणतो, तू घाबरली होतीस, तुला नीट आठवत नसेल. पण तेव्हा मी घाबरले नव्हतेच. घाबरले ती नंतर.

आईपाशी मी मुद्दामच विषय काढला नव्हता. तिला त्रास नको म्हणून. शेवटी एक दिवस ती मेथी निवडत होती, तेव्हा राहवलं नाही. विचारलं, आई, घाटात शेळ्या आडव्या आल्या तेव्हा मी ब्रेक दाबून धरला होता, तुला आठवतं ना?

माझी आई चांगली सावध आहे. ऐकायला, बघायला काही कमी नाही. तिने मेथी बाजूला ठेवली.

"कुठचा ब्रेक बाई? तू तं पाय वर घेऊन बसली होती."

मला कळलंच नाही. तिने सांगितलं, की घाट लागला तशी मी दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घालून बसले. लहानपणी बाबांच्या शेजारी बसायचे तशी. हात तेवढे स्टेअरिंगवर. घाट उतरेपर्यंत पाय खाली सोडलेच नाहीत.

मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? ओरडायचं ना!

"काऊन ओरडू?" आई म्हणाली. "चालवणारा नीट चालवून राह्यला होता."

त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढू दिलेला नाही. मी विचारलं की उठून आत जाते. माझ्या तळव्याला मात्र ते पॅडल अजून जाणवतं, दोनदा हललेलं आणि मग घट्ट झालेलं. पाय वर घेतल्याचं मला जराही आठवत नाही. आमच्या दोघींपैकी कुणाचं खरं, ते मला ठरवता येत नाही... आणि दोघींचंही खरं असेल, तर मी कुठे बसले होते, तेही नाही.