इथं मुद्दाम बोलतात

शेजारच्या टेबलावर वेटरने मेन्यूकार्ड आपटलं आणि विचारलं, "वाचता येतं ना?" तिथली माणसं खूश होऊन हसली. या हॉटेलात वेटरने गिऱ्हाइकाचा अपमान करायचा, अशीच पद्धत आहे. लोक त्यासाठीच येतात.

माझ्या ऑफिसातल्या मित्रांनी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आग्रहाने इथं आणलं होतं. मी त्यांना दारातच सगळं समजावलं होतं. "म्हणजे नाटकच की," असं म्हणून ते हसलेही होते. मग वेटर आमच्याकडे वळला.

"ओ काका, ही जागा तुमच्यासाठी आहे का? उठा."

अप्पा उठले. खुर्चीखालची पिशवी उचलून चटकन बाजूला उभे राहिले. मित्र हसायचे थांबले. वेटरही गडबडला. "बसा ना काका, गंमत करतोय," तो हळूच म्हणाला. अप्पा ओशाळून बसले.

अपमानाची गंमत वाटायला तो आधी कधी खरा झालेला नसावा लागतो. अशा कितीतरी जागांवरून मुकाट्याने उठून अप्पांनी मला शिकवलं आहे.

"नाटक आहे हे ठाऊक होतं रे," ते ताटाकडे बघत म्हणाले. "पण कुणी खरंच बोललं, तर ते ओळखायचं कसं?"

ऑफिसात साहेब हसत हसत मला काही बोलले, की मी अजूनही आधी इतरांचे चेहरे बघतो. ते हसले, की मग हसतो.