न आलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

रत्नागिरीत मी एक बातम्यांची वेबसाइट चालवते. आधी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होते. ते कार्यालय बंद झालं, तेव्हा घरच्या घरी फुकटातला ब्लॉग उघडला. एसटीच्या बदललेल्या वेळा, कुठल्या दवाखान्यात डॉक्टर नाही, मासळी बाजारातलं तुंबलेलं गटार, असल्या बातम्या. लोक वाचायचे. रस्त्यात थांबवून सांगायचे, मॅडम, तुमचं वाचतो हं आम्ही. पण वाचण्याचे पैसे कोण देतं? जाहिरातींचा कोड लावून पाहिला. त्यातून इंटरनेटचं बिलही सुटेना. गणपतीपुळ्याजवळच्या एका लॉजवाल्याने जाहिरात दिली, आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या सांडपाण्याची बातमी उतरवायला सांगितलं. मी बातमी ठेवली, जाहिरात गेली. त्या दिवशी स्वतःबद्दल किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! मी विकली जात नाही — असं मला वाटायला लागलं.

मग वाचकांकडेच मागायचं ठरवलं. साइटवर ‘वाचक-मित्र’ असं पान केलं, पैसे पाठवायचा कोड लावला, दोनदा आवाहन लिहिलं. एका मामांनी पाठवले, एका शाळेतल्या मैत्रिणीने. बाकी सगळ्यांनी अंगठा दाखवला — म्हणजे आवडल्याचा.

त्याच सुमारास मी मालगुंडकडच्या एका चिरेखाणीवर लिहिलं होतं. चिऱ्यांनी भरलेले ट्रक शाळेसमोरून भरधाव जायचे, रस्ता उखडला होता, पोरं लाल धुळीतून चालायची. खाणीच्या मालकांना गावात दत्तारामभाऊ म्हणतात. मोठ्या आवाजाचा माणूस. बोलला तरी भांडतोय असं वाटायचं. बातमी खरी होती, शब्द न् शब्द. आणि हे मी मुद्दाम सांगतेय ना तुम्हाला? की माझ्या हातून खरंही लिहिलं जायचं? बघा — अजून सवय जात नाही.

एका दुपारी तिसरं आवाहन लिहायला बसले. स्वतंत्र पत्रकारिता, तुमचा आधार, आपला जिल्हा... सगळं मेल्यासारखं पडलं होतं स्क्रीनवर. कुणाचा हात खिशात जाणार होता त्याने? मग बोटांनी एक वाक्य टाइप केलं. बोटांनी कसलं — मी केलं. ‘काल एक फोन आला. रस्त्याने एकटीच फिरतेस ना, एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.’

असा फोन आला नव्हता.

वाक्य खोडता आलं असतं. प्रिव्ह्यू बघितला. त्या एका ओळीने वरचं सगळं जिवंत झालं होतं — लेखणी धरणाऱ्याला हे लगेच कळतं. मी ते प्रसिद्ध केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भात लावला.

संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. हे मात्र खरे फोन. मुंबईला नोकरीला असलेल्या गावच्या माणसांनी पैसे पाठवले, दुबईहून आले, ओळखदेख नसलेल्यांनी पाठवले. पत्रकार मित्र म्हणाले, चल, पोलिसांत जाऊ. मी म्हटलं, नंबर दिसत नव्हता, आणि मला कुणाचं वाईट करायचं नाही. त्यावर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. मी ते ऐकून घेतलं. साइट तगली. एक मुलगी नोकरीला ठेवता आली. ते आवाहन मी सगळ्यात वर पिन करून ठेवलं.

इथवरचं एक वेळ सोपं आहे सांगायला.

माझ्या साइटवर प्रतिक्रिया आपोआप दिसत नाहीत. आधी माझ्याकडे येतात. मी मंजूर म्हटलं तरच पानावर जातात. दुसऱ्याच दिवशी एक आली, ‘हे काम दत्तारामचंच. दुसरं कोण करणार?’ खाली पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मी ती वाचली. तो फोन कुणीच केला नव्हता हे साऱ्या जगात एकटी मी जाणत होते. आणि मी ‘मंजूर’ दाबलं.

का? तेव्हा स्वतःला म्हटलं, वाचकांचं मत आहे, आपण कोण अडवणार? खरं कारण हे की नाव आलं की गोष्ट पक्की होते. मग मला कुणी विचारणार नव्हतं.

दत्तारामभाऊ घरी आले ते बरेच दिवस गेल्यावर. आवाज इतका खाली, की आधी मी ओळखलंच नाही. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले.

“बाय, रस्त्याचं लिवलंस ते खरं होतं. राग आला मला, पण खरं होतं. खड्ड्यांत खडी टाकून घेतली मी. फोन मात्र मी केला नाय.”

मी म्हटलं, “मी कुठे तुमचं नाव घेतलंय?”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “नाय घेतलंस. पण शाळेच्या समितीतून काढलंनी मला. बायकामाणसं मला बघून वाट बदलतात. तो मी नाय, एवढंच लिव.”

“बघते,” म्हटलं मी.

बघते! एक ओळ लिहायची होती. छापील पेपर असता तर निदान म्हणता आलं असतं, छापून गेलं, आता काय करणार. इथे तर माझ्याच हाताखाली होतं सगळं, कधीही दुरुस्त करता येणारं. मी काहीच केलं नाही. आवाहनाची पिनसुद्धा काढली नाही.

अजून एक राहिलंय. तेच सांगायचं होतं बहुतेक. मघापासून त्याच्याच भोवती फिरतेय.

ते येऊन गेल्यावर एक प्रतिक्रिया आली. त्यांच्या मुलीची, दापोलीला शेतकीच्या कॉलेजात शिकणाऱ्या. पूर्ण नाव घालून लिहिलं होतं तिने. ‘माझे बाबा मोठ्याने बोलतात. पण ते असं कधी बोलणार नाहीत. कॉलेजात मुली मला विचारतात, मी काय सांगू? मॅडम, तुम्ही आवाज ऐकलाय. तो त्यांचा होता का, तेवढं सांगा.’

नाव नसलेल्या माणसाला मी मंजूर म्हटलं होतं. या मुलीची प्रतिक्रिया मी पुसली. तिने तीच पुन्हा पाठवली. मी पुन्हा पुसली. मग ती यायची थांबली.

आता मला कार्यशाळांना बोलावतात. नव्या मुलांना सांगते, ब्लॉग कसा उभा करायचा, वाचकांकडे कसं मागायचं. कुणीतरी त्या फोनचं विचारतंच. आणि मी सांगते. आवाज कसा होता तेही सांगते — जरा घोगरा. दरवेळी थोडा जास्त घोगरा होतो.

गेल्या महिन्यात दत्तारामभाऊ बाजारात दिसले. खाण दुसऱ्याला चालवायला दिली म्हणतात. हातात पिशवी होती, केस पांढरे झालेत. मी तोंड फिरवणार, तोवर त्यांनीच बघितलं. थांबले. बाकीच्या बायकांना वाट द्यावी तसे माझ्यासाठीही बाजूला सरले.

“बरी हायस ना, बाय?” म्हणाले. “आता कोण तरास देत नाय ना?”

मी म्हटलं, “नाही.”