एक वाजेपर्यंत उपाशी

“पदर बाजूला घे. पोट दिसलं पाहिजे,” मॅडम म्हणाल्या.

मी हॉलमध्ये वजनकाट्यावर उभी होते. काचेचा काटा. तळपायाला गार लागत होता. हाताला कणीक तशीच, कारण चपात्या लाटताना मधेच बोलावलं होतं. समोर सोफ्यावर मॅडमच्या मैत्रिणी. एकीने वाकून आकडा वाचला. मोठ्याने वाचला.

दुसरी म्हणाली, “बाप रे. आणि हे लोक म्हणतात घरी खायला नसतं.”

तिसरी म्हणाली, “घरी नसेलच. तुझ्याकडचं तूप आहे ते.”

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. मग मॅडमनी फोन धरला. आधी समोरून फोटो काढला. मग माझ्या खांद्याला दोन बोटं लावून मला वळवलं, कापडाच्या दुकानात पुतळा वळवतात तसं. बाजूने काढला.

पदर मी माझ्याच हाताने बाजूला घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. माझं तोंड लवकर उघडतच नाही. लहानपणापासून तसंच आहे. अंगात मरून ब्लाऊज होता. काखेत उसवलेला, हिरव्या दोऱ्याने शिवलेला. मरून दोरा घरात नव्हता. काखेत कोण बघतंय, म्हणून हिरव्याने शिवला होता.

आत जाऊन मी राहिलेल्या चपात्या लाटल्या. तूप लावून डब्यात भरल्या. तुपाला हात लावताना हात थांबला. त्या घरातलं तूप मी कधी बोटाने चाखलं नव्हतं. त्या दिवसापासून चपातीला तूप लावताना मी उगाच दाराकडे बघायला लागले. न केलेल्या चोरीची भीती अशी अंगात बसते.

मी जाड आहे. गरीब बाई जाड असली की लोकांना राग येतो. बारीक असते तर म्हणाले असते, बिचारी. जाड आहे म्हणून चोर. मी सकाळी चहा-बटर खाते, दुपारी डब्यातलं, रात्री भात. पोट भरायला भात स्वस्त पडतो. तो अंगाला लागतो. त्याला मी काय करू.

मी खारघरच्या एका मोठ्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाची कामं करते. राहायला कामोठ्यात, एक खोली. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरवर होता. आधी महिन्यातून एकदा घरी यायचा. मग दिवाळीला. मग आला नाही. मूल नाही. खोलीत मी आणि टीव्ही.

तर मॅडमचं ते उपवासाचं सुरू झालं होतं. दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत खायचं, बाकी वेळ काही नाही. पाणी, लिंबूपाणी, बिनसाखरेचा चहा. पहिल्यांदा त्यांनी नाश्ता नको म्हटलं तेव्हा मी विचारलं, “कुठल्या देवाचा उपवास, मॅडम?”

“देवाचा नाही गं. वजनाचा.”

त्यांचं वजन खरंच उतरलं. चेहरा उजळला. मग त्यांनी फोनवर बायकांचा ग्रुप काढला. त्या सगळ्यांना सांगायच्या, किती वाजता खायचं, काय खायचं. फोटोच्या दिवशी मैत्रिणी गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “तुझंही उतरवू आपण. माझ्याबरोबर कर. मी रोज तुला विचारीन.”

मी हो म्हटलं.

का म्हटलं, हे मला नीट सांगायचं आहे. भीतीने म्हटलं, हे आहेच. गुडघे दुखत होते, हेही आहे. पण खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला काढत होते तोवर मॅडमनी विचारलं, “काल रात्री काय जेवलीस?”

हे मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. मग म्हटलं, “भात आणि मुगाची आमटी.” त्या म्हणाल्या, “भात कमी कर.” एवढंच. पण दिवसभर ते कानात राहिलं. रोज रात्री जेवताना मी मनात म्हणायचे, हे उद्या मॅडमना सांगायचं.

माझी माय विचारायची. आमचं गाव परभणीकडचं. आजी सगळे उपवास धरायची, सोमवार, चतुर्थी, सगळे. मग घरातले देव गेले, बुद्धाची तसबीर आली, आणि उपवासही गेले. माय म्हणायची, “आपल्या मागच्या पिढ्या दुसऱ्याच्या मर्जीनं उपाशी ऱ्हायल्या. आता माझ्या घरात कुनी मुद्दाम उपाशी निजायचं नाई. शिळा तुकडा खा, पन खाऊन नीज.” चूल विझवायच्या आधी ती एकेकाला विचारायची, “जेवलास का? जेवलीस का?” झोपलेल्याला उठवून विचारायची.

तिच्या घरातली मुलगी मी. आणि मी उपाशी राहायला लागले.

मॅडमचं एक ते नऊ त्यांच्या घड्याळावर होतं. माझं शेवटचं काम साडेआठला सुटायचं. कामोठ्यात पोचून हातपाय धुवेपर्यंत नऊ होऊन जायचे. मग स्वयंपाक कधी करायचा आणि खायचं कधी? सुरुवातीला मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग दुपारीच नीट खा. शरीराला सवय होते.” मी रात्री पाणी पिऊन झोपायला लागले. सकाळी मॅडमनी विचारलं, काय जेवलीस, की मी म्हणायचे, काही नाही. त्या खूश व्हायच्या. म्हणायच्या, “शाब्बास.”

माझ्या मायला जे ऐकून रडू आलं असतं, त्यावर मला शाब्बासकी मिळत होती.

पण रात्रीच्या भुकेपेक्षा दुपारची गोष्ट वाईट झाली.

बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये, पाण्याच्या पाइपांजवळ, कामाच्या बायका साडेअकराला जेवायला बसतात. खोक्यांचे पुठ्ठे पसरून. तिथला एक रिवाज आहे. नुसतं आपल्या डब्यातलं कुणी खात नाही. डब्याचं झाकण उलटं करायचं, त्यात आपलं थोडं वाढायचं आणि शेजारणीकडे द्यायचं. ती त्यातलं घेते, आपलं टाकते, पुढे देते. झाकण फिरून आपल्याकडे येतं तेव्हा त्यात सगळ्यांच्या घरचं असतं. कुणाची मेथी, कुणाची लसणाची चटणी, कुणाचं वांगं.

मी नवीन होते तेव्हा त्यांना माझं आडनाव कळलं. त्यानंतर झाकणं माझ्या अलीकडेच वळायला लागली. कुणी काही बोललं नाही. माझं झाकण मी माझ्यापुढेच ठेवायचे. असे बरेच दिवस गेले. मग एकदा यमुनामावशी, साताऱ्याकडच्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या, उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्या झाकणातली सुकट उचलली आणि तोंडात टाकली. म्हणाल्या, “मीठ कमी पडलंय तुझं.” बाकीच्या बघत राहिल्या. त्या दिवसापासून झाकणं माझ्याकडूनही फिरायला लागली. दिवाळे गावच्या कोळणीकडून मी सुकट घ्यायचे ती खास त्यांच्यासाठी.

ती जागा अशी मिळाली होती.

उपवास सुरू झाल्यावर मी खाली जाऊन नुसती बसायचे. झाकण आलं की म्हणायचे, नको, मला एक वाजेपर्यंत चालत नाही. पहिल्यांदा त्या हसल्या. “चालत नाही म्हणे. मॅडमबाई झाली.” मग यमुनामावशींनी भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला. त्यांचा हात तसाच राहिला.

“आमच्या हातचं नको झालं व्हय आता तुला?” त्या म्हणाल्या.

हे त्या मला म्हणाल्या. मला.

मी डबा उचलला आणि वर गेले. दुसऱ्या दिवसापासून मी खाली गेलेच नाही. एक वाजता जिन्यातल्या पायरीवर बसून एकटीच जेवायचे. लिफ्टचा आवाज ऐकत. जेवण झालं की डबा धुवायचा. झाकण घासायला काही नसायचंच.

एके दिवशी फोडणी देताना डोळ्यांपुढे अंधार आला. आधाराला धरायला गेले ती तव्याची कड. मनगट भाजलं. मॅडम आल्या. त्यांनी मलम दिलं, पंख्याखाली बसवलं. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “अजून अर्धाच तास राहिलाय. लिंबूपाणी घे, आत्ता मोडू नकोस.” वाईट मनाने नाही म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की मी उपवास मोडला तर सगळं फुकट जाईल.

वजन उतरलं. खोटं कशाला सांगू. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. तेव्हा मॅडम म्हणाल्या, “उद्या मैत्रिणी येणारेत. तोच मरून ब्लाऊज घालून ये. म्हणजे फरक दिसेल.”

त्याच दुपारी मी कचरा टाकायला खाली गेले. पार्किंगमधून यमुनामावशींनी हाक मारली. “ए, इकडं ये.” त्या ज्यांच्याकडे भांडी घासतात त्या बाईही मॅडमच्या ग्रुपमध्ये. त्या बाईंच्या सुनेने मावशींना काहीतरी पाठवलं होतं. मावशींनी फोन माझ्यापुढे धरला.

एक जाड बाई काट्यावर उभी. पदर बाजूला. पोट बाहेर. चेहऱ्याच्या जागी पिवळा गोळा, दात काढून हसणारा.

काखेत हिरवा दोरा.

“ही तूच ना गं?” मावशींनी विचारलं. मी मान हलवली. कुणी हसलं नाही. मावशी म्हणाल्या, “खाली काय लिवलंय? आमाला कुनाला येत नाही. तू शिकलेली हायेस, वाच.”

चौथीपर्यंत शिकले मी. अवघड जोडाक्षर आलं की थांबते. पण ते सोपं लिहिलं होतं. मी उभ्याने मोठ्याने वाचलं.

“ही माझी स्वयंपाकवाली. हिला जमतंय, मग तुम्हाला का नाही जमणार?”

एकीच्या हातात झाकण होतं, ते तिने खाली ठेवलं. मावशींनी फोन घेतला आणि पिशवीत टाकला. “जा,” म्हणाल्या. रागाने म्हणाल्या की कशाने, मला कळलं नाही.

मी जिन्यावर जाऊन बसले. मला वाटलं होतं मॅडम मला विचारतात. त्या मला विचारत नव्हत्या. ग्रुपला काय सांगायचं, त्यासाठी विचारत होत्या. माझी भूक त्यांनी दुसऱ्या बायकांना दाखवायला वापरली. जिला इतकं कमी कळतं, तिलासुद्धा जमतं. म्हणून तुम्हाला जमेल. माझं मोल तेवढं.

त्या रात्री मी घरी जाऊन भात टाकला. नऊ वाजून गेले होते. भांड्यातच खाल्ला, चटणीबरोबर. गरम होता, जीभ भाजली. पण खाऊन निजले.

दुसऱ्या दिवशी तोच मरून ब्लाऊज घातला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. मैत्रिणी आल्या. मॅडमनी हाक मारली. काटा मधोमध ठेवला होता.

“चढ,” मॅडम म्हणाल्या.

“नाही चढणार.”

माझा आवाज इतका बारीक आला की त्यांना ऐकू गेला नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा नीट आला.

“अगं, लाजतेस काय? किती उतरलंय तुझं.”

“उतरलंय. चढणार नाही. आणि तो फोटो काढून टाका.”

मॅडम मैत्रिणींकडे बघून हसल्या. “चेहरा झाकलाय गं. कोणाला कळतंय तू आहेस ते?”

“मला कळतंय.”

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, “मी एवढी मेहनत घेतली तुझ्यावर.” मग हळू आवाजात, “काम सोडायचंय का तुला?”

“काम सोडायचं नाही. स्वयंपाक करीन. साडेअकराला खाली जेवायला जाईन. येऊन उरलेलं करीन.”

तशीच आत गेले, भाजी झाकली, गॅस बंद केला, डबा घेतला आणि लिफ्टने खाली गेले.

पार्किंगमध्ये त्या बसल्या होत्या. मी पुठ्ठ्याच्या कडेला बसले. कुणी सरकलं नाही. मी झाकण उलटं केलं, त्यात सुकट वाढली आणि पुढे सरकवलं. शेजारणीने ते बघितलं. तिचं झाकण पलीकडे गेलं, माझ्याकडे आलं नाही. यमुनामावशी खाली मान घालून जेवत होत्या. मी माझी भाकरी खाल्ली. सगळ्यांच्या समोर, सावकाश. झाकण तिथेच राहू दिलं.

त्याला बरेच दिवस झाले. मॅडम आता भाजी कुठली करायची तेवढंच सांगतात. फोटो काढून टाकला म्हणतात. मला माहीत नाही. काल काय जेवलीस, हे आता मला कुणी विचारत नाही. वजन पुन्हा चढतंय, तेही कुणी मोजत नाही. मावशींनी अजून माझ्या झाकणाला हात लावलेला नाही.

न लावू देत. मी रोज साडेअकराला जाते. झाकण उलटं करते, वाढते, मधे ठेवते. हात मी मागे घेतला होता, तर पुढेही मीच ठेवणार. कुणी घेतलं नाही तर उठताना ते मी स्वतः खाते. टाकत नाही. उपाशी उठत नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून पदर बाजूला घेत नाही.